एकाच सेकंदातल्या दोन पावत्या

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाचे संकेतस्थळ आणि देणग्यांची संगणकीय नोंद सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा ती प्रणाली दुसऱ्या कोणीतरी बांधून दिलेली होती आणि ती विनातक्रार चालत असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते. ते खोटेही नव्हते. भाविक संकेतस्थळावर देणगी भरतो, पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, सर्व्हरला येतो, सर्व्हर देणगीदाराच्या नावाची पीडीएफ पावती तयार करतो आणि ती जोडलेला मराठी ईमेल त्याच्या पत्त्यावर रवाना होतो. देवस्थानाच्या कार्यालयात बोलणे सगळे कोकणीतून चालते. पण पावत्या, सूचनापत्रे आणि आमसभेचे इतिवृत्त मराठीत, हा गोव्यातील कित्येक देवळांचा शिरस्ता येथेही आहे. वर्षभर देणग्या तुरळक येत असल्याने या व्यवस्थेवर कधी ताणच आलेला नव्हता.

नवरात्रात मात्र चित्र पालटते. त्या दिवसांत येथील देवळांत मखरोत्सव होतो. उत्सवमूर्ती सजवलेल्या मखरात बसवून वाद्यांच्या गजरात मखर झुलवले जाते आणि मग आरती होते. ज्यांना येता येत नाही, ते महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सदस्य, मुंबईत, बेळगावात किंवा आखाती देशांत बसून थेट प्रक्षेपण पाहतात आणि आरती संपली की देणगी पाठवतात. अशाच एका रात्रीनंतर सकाळी सचिवांचा फोन आला.

“पावत्यांची अदलाबदल झाली हो. मुंबईच्या एका महाजनांना दुसऱ्याच बाईंची पावती गेली आहे, तीही पॅन क्रमांकासकट. ते काही रागावलेले नाहीत. पण त्या बाईंना कळले तर आम्ही काय सांगायचे?”

मी कार्यालयात पोहोचलो तेव्हा आणखी एक तक्रार येऊन पडलेली होती. बेळगावच्या एका देणगीदाराला पावती आली होती, पण ती फाईल कोणत्याही उपकरणावर उघडत नव्हती. सचिवांच्या मते ही दुसरी तक्रार किरकोळ होती आणि तिचा पहिलीशी काही संबंध नव्हता. मलाही तेव्हा तसेच वाटले.

एकाचा कागद दुसऱ्याला जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे यादी सरकणे. नावांची यादी एका क्रमाने आणि जोडपत्रे दुसऱ्या क्रमाने लावली गेली, मध्येच एखादी ओळ गळाली, की तेथून पुढच्या प्रत्येकाला शेजाऱ्याचा कागद जातो. असे झाले असेल तर तक्रारी एकट्यादुकट्या येत नाहीत, त्यांची माळच लागते. म्हणून मी सचिवांना पहिला प्रश्न विचारला, “ज्या बाईंची पावती मुंबईला गेली, त्यांना स्वतःला कोणाची पावती मिळाली?” हे कोणी विचारले नव्हते, कारण त्यांना फोन करण्याचा सगळ्यांनाच संकोच वाटत होता. शेवटी सचिवांनी फोन लावला आणि पावती मिळाली का, एवढेच विचारले. मिळाली होती. नाव, रक्कम, गोत्र, सगळे बरोबर होते.

म्हणजे अदलाबदल झालेलीच नव्हती. एकच पावती दोघांना गेली होती आणि मुंबईच्या महाजनांची पावती कोणालाच गेली नव्हती. या एका उत्तराने शोधाची दिशा बदलली, कारण सरकलेल्या यादीत कागद इकडचे तिकडे होतात, नाहीसे होत नाहीत. दुसरा धागा महाजनांनी पुढे पाठवलेल्या ईमेलमध्येच सापडला. त्या ईमेलच्या मजकुरात त्यांचे स्वतःचे नाव, त्यांची रक्कम आणि विषयाच्या ओळीत त्यांचाच पावती क्रमांक होता. परका होता तो फक्त जोडलेला कागद. ईमेलचा मजकूर प्रोग्राम थेट डेटाबेसमधील नोंदीवरून त्या क्षणी रचत होता, तर पीडीएफ आधी डिस्कवर लिहिली जाऊन नंतर तेथून उचलली जात होती. डेटाबेस निर्दोष होता. जे काही बिघडले, ते फाईल लिहिणे आणि उचलणे या दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी बिघडले होते.

त्यानंतर कोड वाचायला फार वेळ लागला नाही. तयार होणाऱ्या प्रत्येक पीडीएफला तारीख आणि वेळ जोडून नाव दिले जात होते, तास, मिनिट आणि सेकंदापर्यंत. सर्व फाईली एकाच फोल्डरमध्ये पडत. दर पाच मिनिटांनी एक स्वतंत्र कार्यक्रम चालू होई, न पाठवलेल्या नोंदी घेई आणि प्रत्येक नोंदीत लिहून ठेवलेल्या नावाची फाईल जोडून ईमेल सोडी. एका सेकंदात एकच देणगी येत असेल तोवर या रचनेत काहीही चुकत नाही. दोन आल्या की दोघांच्या फाईलीचे नाव एकच होते, नंतरची पावती आधीच्या पावतीवर लिहिली जाते आणि मिनिटा-दोन मिनिटांनी ईमेल पाठवणारा कार्यक्रम निमूटपणे तीच फाईल दोघांना जोडतो. ज्याने हे लिहिले त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. गावच्या देवळाला एका सेकंदात दोन देणग्या येतील, असे हिशेब मांडताना कोणालाही सुचले नसते.

तरीही एक शंका उरत होती. आरतीनंतर गर्दी होते हे खरे. पण ती इतकी दाट खचितच नव्हती की माणसांची बोटे एकाच सेकंदाला बटणावर पडावीत. नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला. देणगीदारांनी पैसे भरल्याच्या वेळा एकमेकींपासून चांगल्या लांब होत्या. एकत्र आले होते ते गेटवेचे निरोप. गेटवेने पाठवलेल्या निरोपाला आपल्या सर्व्हरने वेळेत होकार दिला नाही, की गेटवे तोच निरोप काही वेळाने पुन्हा पाठवतो. त्या रात्री सर्व्हर काही मिनिटे मंदावला होता, तेवढ्या वेळचे निरोप मागे तुंबले आणि वाट मोकळी होताच ते एकामागोमाग येऊन आदळले. फाईलीच्या नावात वेळ पडत होती ती देणगीची नव्हे, तर निरोप हाताळल्याची. म्हणूनच एरवी भाविकांची वर्दळ असलेल्या दिवशीही जे घडले नव्हते, ते त्या रात्री घडले.

बेळगावच्या ‘किरकोळ’ तक्रारीचे मूळही येथेच होते. पीडीएफ फाईलीच्या शेवटी एक तक्ता असतो आणि फाईलीतील कोणती वस्तू सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे, हे त्यात नोंदलेले असते. वाचणारा प्रोग्राम आधी शेवटाकडे जाऊन तो तक्ता पाहतो आणि मग पान उभे करतो. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच फाईलीत लिहू लागल्या, तर एकीचा मजकूर आणि दुसरीचा तक्ता अशी सरमिसळ होते, आणि तक्त्यातील आकडे भलत्याच जागा दाखवू लागतात. बेळगावची फाईल अशी दोन पावत्यांची खिचडी होती. ती उघडली नाही हे एका परीने बरेच झाले.

कारण कळले, पण दुपारपर्यंतचे खरे काम पुढेच होते. ज्यांनी तक्रार केली ते दोघे. ज्यांनी ईमेल उघडलाच नाही किंवा आपली समजून परकी पावती जपून ठेवली, असे किती आणि कोण? सुदैवाने जुन्या प्रणालीत प्रत्येक ईमेलची एक गुप्त प्रत कार्यालयाच्या पेटीत जात असे. त्या पेटीतील प्रत्येक ईमेलमधून जोडपत्र वेगळे करायचे, त्यातील मजकूर काढायचा आणि विषयातील पावती क्रमांकाशी पडताळायचा, असे ठरवून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. आधी नावांची तुलना केली, तर जवळजवळ सगळ्याच पावत्या चुकीच्या निघाल्या. सचिवांचा चेहरा उतरला, आणि खरे तर भिण्याचे काहीच कारण नव्हते.

पीडीएफची घडण मुळातच पान कुठेही जसेच्या तसे दिसावे आणि छापता यावे यासाठी झालेली आहे. अडोबी कंपनीने 1993 मध्ये हा प्रकार आणला आणि 2008 पासून तो आयएसओ 32000 या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. पण त्याचे मुख्य काम आजही कोणती आकृती पानावर कुठे ठेवायची हे सांगणे हेच आहे. अक्षरांचा क्रम जपण्याची सोय त्यात आहे, मात्र फाईल बनवणाऱ्याने ती नीट वापरली पाहिजे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ‘डि’ लिहिताना आधी ड आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते; पानावर मात्र वेलांटी ड च्या आधी रेखाटली जाते. आमचा जुना प्रोग्राम आकृत्या दिसतात त्याच क्रमाने लिहीत होता. त्यामुळे कागदावर स्वच्छ दिसणारी ‘डिचोली’ मजकूर म्हणून बाहेर काढली की ‘िडचोली’ होई आणि रफार जागा सोडून पुढे सरकल्याने ‘पर्वरी’ची ‘पवर्री’ होई. डोळ्याला अचूक दिसणारी पावती यंत्राला वाचता येत नव्हती. आकड्यांना वेलांटी नसते आणि रफारही नसतो. म्हणून नावांचा नाद सोडून मी फक्त पावती क्रमांक पडताळला आणि यादी हाती आली. ती लांबलचक नव्हती, पण आलेल्या तक्रारींपेक्षा निश्चितच मोठी होती.

मग नव्या पावत्या पाठवण्याचा प्रश्न आला आणि तेथे आणखी एक गोम निघाली. पावतीवर छापली जाणारी तारीख देणगीच्या नोंदीतून येत नव्हती. पीडीएफ ज्या क्षणी बनेल त्या क्षणाची तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून घेतली जात होती, आणि ते घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे चालत होते. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत आलेल्या प्रत्येक देणगीवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. नवरात्रात याने फारसे बिघडत नाही. पण 1 एप्रिलच्या पहाटे दिलेल्या देणगीवर 31 मार्च छापला गेला, तर ती आयकराच्या भलत्याच वर्षात जाते. आणि वर्षभरातील देणगीदारांचे 10बीडी हे विवरण 31 मेपर्यंत भरावे लागत असल्याने तो घोळ लेखापरीक्षकांच्या टेबलावर जाऊन पोहोचतो. आम्ही तारीख देणगीच्या नोंदीला बांधली, वेळ भारतीय केली आणि पुन्हा पाठवायच्या पावत्यांवर मूळ क्रमांक कायम ठेवून ‘दुय्यम प्रत’ असे छापले.

फाईलीचे नाव आता पावती क्रमांकावरून पडते आणि तो क्रमांक डेटाबेस दोनदा देऊच शकत नाही. पीडीएफ आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहिली जाते आणि मगच तिला खरे नाव मिळते, म्हणजे अर्धवट फाईल कोणाच्या हाती लागत नाही. ईमेल सुटण्याच्या आधी जोडपत्रातील क्रमांक नोंदीतील क्रमांकाशी ताडून पाहिला जातो आणि न जुळल्यास ईमेल थांबवून कार्यालयाला कळवले जाते.

संध्याकाळी देवस्थान समितीचे मुखत्यार, म्हणजे कायदेशीर प्रतिनिधी, आले, तेव्हा चर्चा झाली ती गेलेल्या ईमेलांची. त्यांनी विचारले, “तो ईमेल परत ओढून घेता येत नाही का?” येत नाही, समोरच्या सर्व्हरने ईमेल स्वीकारला की तो आपल्या हातून गेलेला असतो. सचिवांचे मत असे होते की नवी पावती पाठवून विषय मिटवावा, बाईंना मुद्दाम सांगून चिंता कशाला वाढवायची. मला ते पटले नाही. पॅन ज्यांचा आहे त्यांना तो दुसऱ्याकडे गेल्याचे कळायलाच हवे, असे मी स्पष्ट बोललो, आणि मुखत्यारांनी वाद न वाढवता यादी स्वतःकडे घेतली. पॅन बाहेर गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला आणि ज्यांच्याकडे परकी पावती गेली होती, त्यांना ती पुसून टाकण्याची विनंती केली. त्या बाईंनी, असे ते मला नंतर म्हणाले, सगळे ऐकून घेतल्यावर एवढेच विचारले की माझा पूर्ण पॅन पावतीवर छापता तरी कशाला.

प्रश्न बरोबर होता. पावतीला सांकेतिक शब्द लावण्याचा पर्याय मी आधी मांडला होता. पण वयस्कर महाजनांना ती उघडता येणार नाही आणि मग कार्यालयाचा फोन दिवसभर वाजत राहील, म्हणून समितीने तो नाकारला. आता पावतीवर पॅनची शेवटची चार अक्षरे तेवढी छापली जातात. पूर्ण क्रमांक लेखापरीक्षकांना लागतो आणि तो त्यांना थेट नोंदीतून मिळतो.