तुम्ही विचारलंत म्हणून : फाच्चोने पुन्हा ऑपेरा का लिहिला नाही?

फ्रान्को फाच्चो हा एकोणिसाव्या शतकातला इटालियन संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक. त्याचा विषय काढला की ठरलेला प्रश्न येतो : एवढा गुणी होता, तर दोनच ऑपेरा लिहून थांबला कसा? विचारणाऱ्याने निकाल आधीच लावलेला असतो, म्हणून मला या प्रश्नाचा वैताग येतो.

दुसरा ऑपेरा ‘आम्लेतो’, म्हणजे हॅम्लेट. शब्द त्याचा मित्र आर्रीगो बोइतो याचे. 1865 मध्ये जेनोआला तो पहिल्यांदा झाला, तेव्हा ओफेलियाच्या अंत्ययात्रेच्या संगीताची विशेष वाखाणणी झाली. मग फेब्रुवारी 1871 मध्ये तो मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात आला. हॅम्लेटची भूमिका मारिओ तिबेरिनीकडे होती, आणि तो आजारी होता. भुताची भेट, ‘असावे की नसावे’ हे स्वगत, सगळा भार ज्या गळ्यावर, त्यातून धड सूरच निघेना. नायकाचा घसा बसलेला असताना संगीत नाटकाचा प्रयोग रेटून न्यावा, तसे ते झाले. फाच्चोने ऑपेरा मागे घेतला आणि हयातीत पुन्हा उभा राहू दिला नाही.

आजवर मी इथेच थांबत असे : दोष तिबेरिनीच्या घशाचा, संगीताचा नव्हे. पण मग बोइतोचे काय? त्याचा स्वतःचा ऑपेरा ‘मेफिस्तोफेले’ 1868 मध्ये त्याच ला स्कालात सपशेल पडला होता. त्याने तो पुन्हा लिहून काढला आणि 1875 मध्ये बोलोन्याला जिंकला. फाच्चोच्या हाती तर गायक बदलण्याचा सोपा उपाय होता. तो त्याने केला नाही, याचा अर्थ त्याला स्वतःच्या संगीताविषयीच शंका होती, असे कोणी म्हटले तर मला राग येतो, पण खोडून काढता येत नाही.

शिवाय ‘थांबला’ हा शब्दही मला मान्य नाही. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘आयदा’चा युरोपातला पहिला प्रयोग 1872 मध्ये ला स्कालात त्यानेच संचालित केला, आणि 1887 मध्ये ‘ओतेल्लो’चा (म्हणजे ऑथेल्लोचा) पहिला प्रयोगही. पुन्हा शेक्सपिअर, पुन्हा बोइतोचेच शब्द, तेच नाट्यगृह. संगीत मात्र व्हेर्दीचे. त्या रात्री त्याला काय वाटले असेल, यावर मी तर्क लढवणार नाही. चार वर्षांनी मनोविकाराने ग्रासलेल्या अवस्थेत तो वारला.

2014 मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीला आणि 2016 मध्ये ऑस्ट्रियात ब्रेगेन्झला ‘आम्लेतो’ पुन्हा रंगमंचावर आला. तेव्हा आता तरी ऐका, एवढेच मी सांगू शकतो. पुन्हा विचारलेत, तर मी बहुधा तिबेरिनीचेच नाव घेईन.