सात माणसं आणि एक फोन

ऑफिसला जाताना माझी बस फर्स्ट हिलवरून, स्वीडिश हॉस्पिटलसमोरून जाते. सिएटलला येऊन सहा वर्षं झाली, पण इथं काय घडलं होतं ते मला गेल्या वर्षी समजलं. तेव्हापासून त्या स्टॉपवर मला कोल्हापूरच आठवतं.

१९६० पर्यंत किडनी कायमची गेली की माणूस गेला. डायलिसिसचं मशीन होतं, पण दर वेळी नवी धमनी, नवी शीर उघडायची. शेवटी हातापायाला जागाच उरायची नाही. इथल्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स, बोइंगमधले यंत्रकामगार, पुढं अकरा वर्षं जगले. आणि तिथूनच पेच सुरू झाला. १९६२ मध्ये याच हॉस्पिटलच्या आवारात डायलिसिसचं केंद्र उघडलं, तेव्हा मशीनं मोजकी आणि जगू शकणारे पेशंट कितीतरी.

मग सात जणांची समिती नेमली. वकील, धर्मगुरू, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी, एक सर्जन. डॉक्टरांच्या चाळणीतून उरलेल्यांतून यांनी निवडायचं. लग्न झालंय का, पोरं किती, कमाई काय, शिक्षण किती, चर्चला जातो का. पंचेचाळिशीच्या वरचे तर आधीच बाद.

हे वाचलं आणि मला तात्या दिसले. माझे धाकटे काका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, त्यांचा ऑक्सिजन ८४ वर आला. इथं रात्रीचे अडीच, तिकडं दुपारचे तीन. माझे वडील, आण्णा, एका दवाखान्याच्या गेटवरून बोलत होते, "बेड न्हाई म्हणत्यात. तुझ्या वळखीचं कोण हाय काय बघ."

माझा एक वर्गमित्र तिथल्या विश्वस्ताच्या घरातला. मी फोन लावला. वीस मिनिटांत बेड मिळाला.

त्या सात जणांपुढं तात्यांचा कागद पोचलाही नसता. वय ५८, मागं बायकापोरं नाहीत. आमच्याकडं ते पास झाले, कारण पुतण्याकडं नंबर होता. दोन्हीकडं शेवटी माणसाची पतच मोजली गेली. मला वाटतं, गरज किती तातडीची आणि कोण वाचू शकतं एवढंच डॉक्टरांनी बघावं. तिथं दोघं बरोबरीत आले तर सरळ चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी निष्ठुर वाटते खरी, पण ती कुणाला कमी लायकीचा ठरवत नाही. मृत दात्याच्या किडनीसाठी आपल्याकडं निदान यादी आहे. कोल्हापूरच्या पेशंटचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीकडं, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय केंद्राकडं लागतं, डायलिसिसवर काढलेल्या काळाचे गुण मिळतात. त्या एप्रिलात गेटवर अशी यादी नव्हती.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानं डायलिसिसचा बहुतेक खर्च सरकारनं उचलला, मशीनं वाढली, आणि असं निवडायची वेळच उरली नाही.

तात्या दोन आठवड्यांनी घरी आले. पुढं मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा रंकाळ्यावर बसल्या बसल्या आण्णांनी एक गोष्ट सांगितली. गेटबाहेर रिक्षात एक बाई होती. नवऱ्याचं डोकं मांडीवर, पदरानं वारा घालत बसलेली. आमच्या आधी आलेली.

"तिनं मला इचारलं, आत जागा झाली काय म्हणून."

"मग?"

"न्हाई म्हणालो."