रोटॅक्स ५८२ : एक्झॉस्टची स्प्रिंग का तुटली

८ नोव्हेंबर, इंजिन चालल्याचे तास ४६.८

इंदूरच्या सिमरोल रोडवरच्या शेडमध्ये आज रोटॅक्स ५८२, म्हणजे हलक्या विमानाचं टू-स्ट्रोक इंजिन, स्टँडवर चालवलं. बारा मिनिटांनी आवाज फाटला. बंद करून पाहिलं, तर मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणारा पाइप) आणि सायलेन्सर यांच्यामधल्या बॉल जॉइंटची, म्हणजे फिरू शकणाऱ्या गोल सांध्याची, एक स्प्रिंग हुकापाशी तुटली होती. या स्प्रिंगाच सांधा आवळून धरतात. तुकडा सेफ्टी वायरला, म्हणजे तुटलेला भाग पडू नये म्हणून ओवलेल्या तारेला, लटकत होता. त्या ०.८ मिलिमीटरच्या तारेचे मनापासून आभार. हे इंजिन ट्राइकवर (कापडी पंखाखाली लटकणाऱ्या तीनचाकी हलक्या विमानावर) चढेल तेव्हा एक्झॉस्टच्या मागे प्रोपेलरच असणार. तिथे सुटलेला तुकडा सरळ पात्यांवर जातो.

९ नोव्हेंबर

भिंगाखाली तुटका हुक पाहिला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, उरलेला चकचकीत. म्हणजे तडा जुना होता, काल फक्त शेवटचा धागा गेला. हुकाच्या आतल्या बाजूची तार घासून चपटी झाली आहे आणि पाइपवरच्या कानालाही (हुक अडकवायच्या कडीला) खाच पडली आहे. बाकीच्या स्प्रिंगा काढून ओळीत मांडल्या. सगळ्यांचे हुक झिजलेत, पण खालच्या बाजूचे सर्वांत जास्त. सांध्यावर काजळीचा पट्टाही खालच्याच बाजूला. सध्या हे नुसतं टिपून ठेवलं.

१३ नोव्हेंबर

सियागंजला गेलो. दुकानदाराने मापाची स्प्रिंग काढून दिली, "भिया, ये चल जाएगी." स्टँडवर लावून पाहिली. एकदा तापून थंड झाली आणि पाच मिलिमीटर लांबली. साध्या स्प्रिंग-पोलादाची तार सुमारे १२० अंशांच्या वर ताण धरत नाही. ३०२ जातीचं स्टेनलेस अडीचशेपर्यंत टिकतं. लोहचुंबकाने पारख करू नका. थंड ओढलेली स्टेनलेसची तारही चुंबकाला थोडी चिकटतेच. मूळ कंपनीचा पूर्ण संच मागवला. एकच बदलून भागत नाही, कारण बाकीच्यांचं वयही तेवढंच आहे.

१६ नोव्हेंबर

रामबागेतल्या लेथवाल्या काकांना तुकडे दाखवले. त्यांनी स्प्रिंगकडे नीट पाहिलंही नाही. "अरे, सांधा हलतो का ते बघितलंस? स्प्रिंग बिचारी मार खाते, मारणारा दुसराच असतो."

संध्याकाळी शेडवर जाऊन सायलेन्सर हाताने फिरवून पाहिला. स्प्रिंगा काढलेल्या असूनही सांधा जागचा हलेना. कार्बनने जाम झाला होता. मग काजळीच्या पट्ट्याचा अर्थ लागला. ५८२ आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद गतीवर, रबरी माउंटांवर चांगलंच डुलतं आणि ते डुलणं बॉल जॉइंटने पचवायचं असतं. तो फिरत नसला की सायलेन्सर पहारीसारखा काम करतो, सांधा एका बाजूने उचकटतो आणि त्या बाजूच्या स्प्रिंगा दर हिसक्याला ओढल्या जातात. सांधा तसाच ठेवून नवा संच चढवला असता, तर तोही असाच गेला असता.

२३ नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस सांध्यावर गेला. काल रात्रभर रॉकेलमध्ये भिजवला होता, आज पितळी ब्रशने घासला, मग बारीक एमरीने हलकासा पुसला. सांधा जिथे टेकतो तो गोल भाग खरवडायचा नाही, नाहीतर गळती कायमची. टू-स्ट्रोकमध्ये गळती म्हणजे ताकदही गेली, कारण सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते आणि फटीतून ती लाट विरते. दोन्ही तोंडांना अँटी-सीझचा (सांधा जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर दिला. आता पाइप दोन बोटांनी फिरतो. खाच पडलेला कान भरून घेतला, बाकीच्या कानांची वेल्डिंग भिंगाने तपासली.

स्प्रिंग चढवताना पक्कड वापरली नाही. पकडीचा एक ओरखडा तारेवर पडला की पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. वाइसमध्ये स्प्रिंग वाकवून वेढ्यांत जुनी पन्नास पैशांची नाणी सरकवली, लांबलेली स्प्रिंग दोन्ही कानांत अडकवली आणि नाणी एकेक काढून घेतली. सेफ्टी वायर स्प्रिंगच्या पोटातून आणि दोन्ही कानांतून घेतली, पण सैल. घट्ट ओढली तर स्प्रिंगचा भार तारेवर येतो.

शेवटी वेढ्यांवर उष्णता सोसणाऱ्या लाल सिलिकॉनची लांब रेघ ओढली, एकाच बाजूने. त्याने स्प्रिंगची थरथर मरते आणि हुक घासायचा थांबतो. सिलिकॉन सुकण्याआधी टिचकी मारली तर "टण्ण" वाजत होती. (दुसऱ्या दिवशीची भर : त्याच जागी नुसतं "टक".)

३० नोव्हेंबर, तास ४८.६

दोन टप्प्यांत दीड तास चालवलं. आयडलवर सांधा हलताना डोळ्यांनी दिसतो. काजळी कुठेच नाही. दोन स्प्रिंगा मुद्दाम उतरवून पाहिल्या, हुकांच्या आत फक्त चकाकी, चपटेपणा नाही. सिलिकॉन एका ठिकाणी सुटलं होतं, पुन्हा लावलं. कानांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत. ५५ तासांना सगळ्या स्प्रिंगा उतरवणार आणि सांधा परत हाताने फिरवून पाहणार.