पहिला पसंतिक्रम

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. अभियांत्रिकी प्रवेशाचे काम माझ्याकडे कोणी अधिकृतपणे सोपवलेले नाही. वर्षानुवर्षे ते माझ्या टेबलावर येऊन पडत गेले आणि मीही ते उचलत गेलो. बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी जून-जुलैत पालक कृषी सेवा केंद्रातून निघतात ते थेट माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या एकाच पिशवीत बियाण्याची पावती आणि मुलाचा सीईटीचा निकाल अशी दोन्ही कागदपत्रे असतात. 2025 च्या जुलैतील, पहिल्या फेरीचा विकल्प अर्ज, म्हणजे हव्या त्या महाविद्यालयांची आणि शाखांची क्रमवार यादी, भरण्याच्या शेवटच्या दिवसाविषयी मी लिहितो आहे, कारण त्या दिवशी मी बरोबर वागलो की चूक, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

मुलगी इतर मागास प्रवर्गातील, घरी तीन एकर कोरडवाहू सोयाबीन, आणि सीईटीत पर्सेंटाइल 97 च्या वर. गावात पेढे वाटताना त्याचे ‘सत्त्याण्णव टक्के’ झाले होते. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत त्याचे माप आहे, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते कोणालाच ऐकायचे नसते. तिच्या फाइलमध्ये जात वैधता प्रमाणपत्र होते, हे पाहून मी निम्मी लढाई जिंकल्यासारखा खूश झालो. इतर मागास प्रवर्गासाठी त्या प्रमाणपत्राला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, आणि आमच्याकडच्या निजामकालीन नोंदी उर्दूत किंवा मोडीत असल्याने चांगले गुण मिळवलेली मुले प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाच्या नुसत्या पोचपावतीवर प्रवेश घेऊन पुढचे कित्येक महिने धास्तीत काढतात.

अडचण निराळीच निघाली. तिची नोंदणी नेट कॅफेत झाली होती आणि चालकाने मोबाइल क्रमांक व ईमेल स्वतःचा टाकला होता. त्यामुळे पासवर्ड त्याच्याकडे आणि तो बदलायचा तर ओटीपीही त्याच्याच फोनवर. त्याने भरून ठेवलेल्या यादीत पहिल्या सहा क्रमांकांवर जवळच्या एकाच खासगी महाविद्यालयाच्या सहा शाखा होत्या. अशा प्रत्येक प्रवेशामागे चालकाला काय मिळते ते गावात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. दीड तास त्याच्या दुकानात बसून, आधी गोडीने आणि मग आवाज चढवून मी तो ओटीपी मिळवला. तीनशेपर्यंत विकल्प देण्याची सोय असलेल्या अर्जात जिच्या आयुष्याचा क्रम लागायचा ती मुलगी तेवढा वेळ दुकानाच्या पायरीवर उभी होती.

विकल्प अर्ज हे भाकीत नसून इच्छापत्र आहे, हे मी फळ्यावर लिहून ठेवतो. यंत्रणा वरून खाली उतरत जाते आणि गुणांना जिथे जागा मिळते तिथे थांबते; वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालचे सोपे महाविद्यालय हातचे जात नाही. तरीही लोक ‘मिळेल ते’ वर आणि ‘हवे ते’ खाली लिहितात, कारण ‘नाही’ ऐकून घेण्याची सवय आम्हाला आधीपासूनच लागलेली असते. मात्र या नियमाला एक काटा आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतिक्रम मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते; ती घ्यायची, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायचे. दुसऱ्या फेरीत हीच गोष्ट पहिल्या तीन पसंतिक्रमांना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होती.

दुपारी तिच्या वडिलांसमोर आम्ही यादी नव्याने मांडली. त्यांना लेक लांब पाठवायची नव्हती. मी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाव काढले: 1960 पासूनची संस्था, आणि मुलीचे मामा तिथून जवळच वाळूजला कंपनीत. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास प्रवर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे मी सांगितले. मेस आणि खोलीचे भाडे त्यात येत नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मामाजवळ असंल तर चालंल, सर.” कच्च्या यादीवर मी नेहमीप्रमाणे पालकांची सही घेतली. उद्या कोणी ‘सरांनी घात केला’ म्हणू नये, एवढ्यासाठी मी ती घेतो, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एक प्रत त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि ते फवारणीचे औषध आणायला गेले.

ते गेल्यावर मुलगी म्हणाली, “सर, पुण्याचं सीओईपी एक नंबरला टाकता येईल का? मेटलर्जी असलं तरी चालंल.”

सीओईपी म्हणजे पुण्याची जुनी, नामांकित सरकारी अभियांत्रिकी संस्था आणि मेटलर्जी म्हणजे तिथली धातुशास्त्राची शाखा. मी आदल्या वर्षीचे कटऑफ, म्हणजे प्रत्येक जागा किती पर्सेंटाइलवर बंद झाली त्याचे तक्ते, उघडले. त्यातील सांकेतिक अक्षरे वाचायला मला स्वतःला दोन वर्षे लागली होती: सुरुवातीचा ‘एल’ म्हणजे मुलींची जागा, मधला प्रवर्ग, आणि शेवटचा ‘एच’, ‘ओ’ किंवा ‘एस’ म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रासाठीची, बाहेरच्यांसाठीची की राज्यस्तरीय जागा. मुलींच्या ओबीसी जागेचा आकडा तिच्या पर्सेंटाइलच्या जरा वरच थांबलेला होता. तेव्हा हे काही लागणार नाही, मग वडिलांना फोन करून वाद कशाला वाढवायचा, असे मी मनाशी म्हटले आणि सीओईपी वर टाकून कन्फर्मचे बटण दाबले. फळ्यावर लिहिलेले माझेच वाक्य मी त्या मिनिटापुरते विसरलो होतो. तिची इच्छा मी लिहिली खरी, पण लिहिताना ती इच्छा म्हणून नव्हे, तर फोल ठरणारे भाकीत म्हणून लिहिली.

पहिल्या फेरीत तिला तीच जागा मिळाली आणि ती गोठली.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी आले. आवाज चढवला नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेली प्रत काढली, टेबलावर सपाट केली, स्वतःच्या सहीवर बोट ठेवले आणि विचारले, “सर, मंग ही सही कशाला घेतली माझी?” मी कटऑफविषयी बोलू लागलो. पुण्याला जायचे असे मुलीनेच सांगितले होते, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर तिच्यावर आले असते, आणि न सांगितल्याने ते सगळे माझ्यावर आले, जे योग्यच होते. ती त्यांच्या शेजारी खाली मान घालून उभी होती. मला विचारले असते तर मी होच म्हटले असते, असे ते शेवटी म्हणाले. ते खरे होते की जागा हातात आल्यावर सुचलेले होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. आणि त्यांनी नाही म्हटले असते तर मी काय केले असते, हे मला माझेही ठाऊक नाही.

जागा स्वीकृतीचे 1,000 रुपये त्यांनी तिथेच भरायला लावले. पावती छापून झाल्यावर त्यांनी ती सहीच्या कागदात ठेवली आणि पुण्याच्या गाडीची वेळ मला नव्हे, मुलीला विचारली.