अंतर एक, वेळा अनेक

लांबच्या विमानप्रवासात समोरच्या आसनाच्या पाठीवरील पडद्यावर चित्रपट सोडून नकाशा लावून बसणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी मी एक आहे. त्या नकाशावरचे विमान एखाद्या मध्यम आकाराच्या देशाएवढे काढलेले असते आणि टक लावून पाहिले तर ते तसूभरही हलत नाही. जरा डोळा लागून उघडला, की मात्र ते बोटभर पुढे गेलेले असते.

त्याच्यामागे उमटणारी रेघ वाकडी का, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारावी आणि विमानाने मात्र उत्तरेकडे कमान टाकून जावे, हा उघड उघड वळसा वाटे. शेवटी पृथ्वीच्या गोलावर लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तेव्हा तो आपोआप उत्तरेकडे सरकला आणि चूक नकाशाची आहे, हे ध्यानात आले. या ताणलेल्या दोऱ्याला भूगोलात बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात आणि तिकिटांच्या हिशेबात दोन विमानतळांमधले अंतर म्हणून दिसते, ते सहसा त्याचेच. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे 5,540 किलोमीटर भरते.

अंतर असे एकदा ठरले की ठरले. वेळेचे तसे नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, न्यूयॉर्कला जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये जायला परतीपेक्षा सुमारे एक तास जास्त लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये एका वादळाच्या दिवसांत एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचले. जमिनीवरून मोजला तर त्याचा वेग ध्वनीपेक्षा जास्त होता, पण त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण सभोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती. नदीच्या पाण्याबरोबर पोहणाऱ्याने काठावरच्या झाडांकडे पाहून आपल्या हातांचे कौतुक करावे, तसलाच हा प्रकार.

वाऱ्याचे एक वेळ समजून घेता येते, माणसांचे कठीण. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामधला दोरा सैबेरियावरून जातो आणि त्या वाटेने साडेनऊ तासांच्या आसपास वेळ लागत असे. 2022 मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर तोच प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ मात्र होते तिथेच आहेत.

पण मला सर्वांत आवडते ती सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यामधली, सुमारे 15,300 किलोमीटरांची आणि अठरा तासांहून अधिक वेळेची थेट सेवा. न्यूयॉर्कला जाताना हे विमान अनेकदा दोऱ्याची वाट सोडून, वारा पाठीशी मिळावा म्हणून प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे निघते आणि परततानाही अटलांटिक ओलांडून पूर्वेकडेच येते. त्या दोन शहरांत जाऊन आलेल्या प्रवाशाची अशा वेळी नकळत पृथ्वीप्रदक्षिणा होते, आणि तो बहुधा त्या वेळी झोपलेला असतो.