फियाट की बीएमडब्ल्यू? तुम्ही विचारलंत म्हणून

दारात माझी १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आणि तिला खेटून भाच्याची बीएमडब्ल्यू एम३४०आय उभी दिसली, की कोणी ना कोणी विचारतंच, "खरं सांगा काका, चालवायला मजा कोणत्या गाडीत?"

फियाटमध्ये. पण 'जुनं ते सोनं' वगैरे माझ्याकडे नाही. तसं म्हणणाऱ्याने नागपूरच्या वर्धा रोडवर समोर ऑटो आडवा आल्यावर चारही चाकांना जुन्या धाटणीचे ड्रम ब्रेक असलेली गाडी थांबवून दाखवावी. अख्खं वजन पेडलवर टाकावं लागतं, आणि पुढे मोकळी जागा राखली असेल तरच निभावतं. एअरबॅग, एबीएस सोडा, मूळ गाडीत सीटबेल्टसुद्धा नव्हता. जीव सांभाळायचा तर नवी गाडीच, यावर मी वाद घालत नाही.

मजेचा हिशेब निराळा. भाच्याच्या गाडीत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभर ४.४ सेकंदांत. समृद्धी महामार्गावर चालवली आहे मी. नागपूरकडचा शिवमडक्याचा टोल नाका सुटला, पाय दाबला, पाठ सीटला चिकटली, पोटात गोळा आला, आणि संपलं! कारण वेगाची मर्यादा १२०. जी गाडी अडीचशे गाठू शकते ती १२० वर पेंगते, आणि त्या सरळसोट रस्त्यावर चालवणाराही पेंगतो.

फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं. सेमिनरी हिल्सच्या चढावर चाळीसच्या वेगातही हात, पाय, कान सगळे कामाला लागतात. गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअरचे दाते आपोआप जुळवणारी सोय, नाही. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा रेस, परत क्लच, मग गिअर. जमलं तर दांडा लोण्यात सुरी गेल्यासारखा बसतो. नाही जमलं तर असा करकरतो, की फुटाळा तलावावर बसलेली जोडपी वळून बघतात.

मे महिन्यात मात्र तिचं नाव काढू नका. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बॉनेटखालची धग, त्यात पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ओढता येत नाही, इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी सिग्नलवर झटके देत बंद. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. डिकीत पाण्याची बाटली असतेच. एकदा फडकं पिळताना बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "काका, गाडीले ताप आला का?" भाच्याच्या गाडीत पंप टाकीतच, पेट्रोल दाबाखाली पुढे जातं, त्यामुळे ही भानगडच नाही. तो एसीत बसून हसतो.

'मग व्हिंटेजचा नंबर का घेत नाही?' हेही विचारतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. मला तर तिच्यातून गोकुळपेठेत भाजी आणायला जायचं असतं. म्हणून दर पाच वर्षांनी आरटीओत रांग लावतो आणि जुनीच नोंदणी वाढवून आणतो.