पंपाचा फ्यूज

रात्रभर धो धो पाऊस झाला होता. सकाळी साडेसहाला बागेचं फाटक उघडलं आणि तळ्याकडून इतका गलका ऐकू आला की आम्ही तिघंही माळी जागीच थांबलो. आदल्या दिवसापर्यंत तिथे एक बेडूक दिसत नव्हता.

नेमकं त्याच दिवशी तळं उपसायचं ठरलं होतं. पाणी काढायचं, गाळ उचलायचा, तळ ब्लिचिंग पावडरने घासायचा आणि नवं पाणी भरायचं, हे दरवर्षीचं काम. पाइप अंथरून झाले होते. बटण दाबण्याआधी मी काठाशी वाकून बघितलं. लव्हाळ्याच्या बुडाशी पारदर्शक, चिकट गोळा तरंगत होता आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो काळे ठिपके. मला गेल्या वर्षीचा दिवस आठवला. दाताळ्याला असंच काहीतरी लागून आलं होतं. शेवाळाची घाण समजून मी ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं होतं. ती अंडी होती.

बेडकाच्या बऱ्याच जाती ज्या पाण्यात जन्मल्या तिथेच अंडी घालायला परततात. आम्ही त्यांचं वर्षभराचं बीज फेकून दिलं होतं, तरी मोठे बेडूक पुन्हा इथेच आले होते.

हात ओला करून मी एक गोळा हलकेच उलटा केला. अंड्यांची खालची बाजू पांढरट असते, ती वर आली. थोड्या वेळाने पाहतो तर सगळे ठिपके पुन्हा काळी बाजू वर करून बसलेले. फळलेलं अंडं आपल्या आवरणात मोकळं फिरतं आणि जड, पांढरी बाजू आपोआप खाली जाते. मी किती वेळ तिथे उकिडवा बसलो होतो, कुणास ठाऊक.

सोबतचा म्हणाला, "भाऊ, बादलीत भरून दुसऱ्या तळ्यात सोडू या की." त्याचा हेतू चांगलाच होता, पण मी नको म्हटलं. पाण्याबरोबर रोगही जातो. बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीचं शास्त्रीय वर्णन १९९९ साली झालं. तिने जगभरात कितीतरी जाती घटवल्या, काही कायमच्या संपवल्या. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणी घेतो. तिथेच घाव बसला की तो तगत नाही. अंडी हलवायची नाहीत, मग आपलं काम पुढे ढकलायचं, एवढंच उरतं.

साहेबांना फोन केला. ते स्वतः आले. पाणी हिरवं होईल, लोक तक्रार करतील, ही त्यांची काळजी रास्तच होती. आम्ही बोलत असतानाच पंपाच्या जाळीपाशी पाणी ढवळलं. एका मादीवर चार नर चढून बसले होते आणि तिचं डोकं वर येत नव्हतं. एरवी मी त्यांच्यात हात घालत नाही, पण ती बुडाली असती. ओल्या हातांनी तीन नर सोडवले. नराच्या अंगठ्याला विणीच्या काळात खरखरीत गादी येते, पकड सुटू नये म्हणून. ती माझ्या बोटांना कानसेसारखी लागली. मादीने नाक पाण्याबाहेर काढलं. साहेब म्हणाले, "राहू द्या. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तळ्याला हात लावू नका."

दुपारी एक फळी तिरकी टाकली, एक टोक पाण्यात आणि एक काठावर. तळ्याच्या भिंती उभ्या आहेत. शेपूट जिरून पाय फुटलेलं नखाएवढं पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागतं. त्याला वर चढायला वाट नसेल तर जन्मल्या पाण्यातच ते बुडून मरतं. मग गोळे मोजून वहीत लिहिले: अकरा.

संध्याकाळी पहारेकरी सवयीने कारंजं सुरू करतो. त्याला सांगून ठेवलं. तरी फाटक लावताना मन मानेना, म्हणून परत गेलो, पंपाचा फ्यूज काढला आणि खिशात घालून घरी घेऊन आलो.